सुरू ठेवायला चालते, मग सुरू करायला का नाही?

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या होम हेल्थ सेवेत, म्हणजे घरी येऊन दिल्या जाणाऱ्या उपचारांत, ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीच्या थेरपीला) आणखी जागा द्यावी की नाही, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो आणि दर वेळी भलत्याच मुद्द्यांवर लढला जातो. थेरपिस्टांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, आमच्या व्यवसायाला फिजिओथेरपीइतका मान मिळालाच पाहिजे. खर्चावर लक्ष ठेवणारे म्हणतात, सरकारी तिजोरीवर आधीच ताण आहे, त्यात आणखी एक वाट कशाला फोडायची? पहिल्यांचं ऐकलं की हे दोन व्यवसायांमधलं मानापमानाचं भांडण वाटतं. दुसऱ्यांचं ऐकलं की घरात अडकून पडलेली म्हातारी माणसं म्हणजे ताळेबंदातली एक ओळ वाटते. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. ज्या माणसाला फक्त ऑक्युपेशनल थेरपीची गरज आहे, त्याला ती घरी मिळवण्यासाठी आधी दुसऱ्याच कशाची तरी गरज असल्याचं का दाखवावं लागावं? माझ्या मते ही अट काढून टाकली पाहिजे. ऑक्युपेशनल थेरपीची गरज हे होम हेल्थ सुरू करण्याचं स्वतंत्र आणि पुरेसं कारण मानलं गेलं पाहिजे.

नियम नीट पाहिल्याशिवाय त्यातली विसंगती कळत नाही, म्हणून थोडं तपशिलात जाऊ. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी, शिवाय काही अपंग व्यक्तींसाठी असलेली केंद्र सरकारची विमा योजना. तिच्यात घरी उपचार मिळायला रुग्ण 'होमबाउंड' असावा लागतो. म्हणजे कुणाच्या किंवा काठी-वॉकरच्या आधाराशिवाय त्याला बाहेर पडता येऊ नये आणि बाहेर पडणं त्याच्यासाठी फार कष्टाचं असावं. डॉक्टरांनी किंवा नर्स प्रॅक्टिशनरने त्याला समोरासमोर तपासलेलं असावं लागतं, तेही सेवा सुरू होण्याआधीच्या ९० किंवा नंतरच्या ३० दिवसांत. शिवाय त्याला अधूनमधून कुशल नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी यांपैकी एकाची तरी गरज असावी लागते. या तिघांपैकी एक असेल तर जोडीला ऑक्युपेशनल थेरपी मिळते, एकही नसेल तर मिळत नाही. पण एकदा सेवा सुरू झाली, मग नर्स यायची थांबली, फिजिओथेरपी संपली, तरी ऑक्युपेशनल थेरपीची गरज उरलेली असेल तर केवळ तिच्यावर पात्रता चालू राहते. कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणजे सातव्या आठवड्यात जी गरज पुरेशी ठरते, तीच पहिल्या दिवशी अपुरी ठरते. रुग्ण तोच, घर तेच, अडचण तीच. या फरकाला वैद्यकीय कारण कोणतं?

समजा, एक ऐंशीच्या घरातली बाई आहे. मॅक्युलर डीजनरेशनमुळे तिच्या नजरेचा मधला भाग गेलेला आहे. पाय धड आहेत, रक्तदाब आणि साखर ताब्यात आहे, बोलणं स्वच्छ आहे. सोबतीशिवाय तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून ती होमबाउंड. असा अर्थ मी ओढूनताणून लावत नाही. दृष्टी गेलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय बाहेर पडू न शकणाऱ्या व्यक्तीचं उदाहरण मेडिकेअरच्या नियमपुस्तिकेतच आहे. तिला हवं काय? गोळ्यांच्या बाटल्या हाताला ओळखता याव्यात, शेगडीचं बटण कुठवर फिरलंय ते कळावं, टबची कड पाय टाकण्याआधी दिसावी. हे सगळं ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम आहे. नर्सला किंवा फिजिओथेरपिस्टला तिच्या घरी करण्यासारखं फारसं काही नाही. आणि नेमकं म्हणूनच तिला काहीच मिळत नाही. या कोंडीतून वाट काढायची पद्धतही या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक असते. ऑर्डरमध्ये फिजिओथेरपीही लिहायची, फिजिओथेरपिस्टने जाऊन केस उघडायची, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टने जायचं. डॉक्टर नियमाला धरून वागले तर बाई घरात तशीच राहते, आणि त्यांनी नियम जरा वाकवला तर गरज नसलेल्या भेटीचा खर्च होतो. दोन्हीपैकी कोणत्या मार्गाने तिजोरी वाचली?

या थेरपीत नेमकं काय होतं हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण तिला 'वरचं काहीतरी' समजतात. एका परिचित कुटुंबात मी हे काम जवळून पाहिलं आहे. घरातल्या गृहस्थांना स्ट्रोक येऊन गेलेला, उजवा हात अशक्त. थेरपिस्टने त्यांना स्वतःसाठी कॉफी करायला सांगितलं आणि ती नुसती बाजूला उभी राहिली. कप वरच्या फळीवर होते. डाव्या हाताने ते काढायला गेल्यावर त्यांचा तोल अशक्त बाजूला गेला. झाकण उघडण्यासाठी बरणी त्यांनी पोटाशी दाबून धरली. किटली काठोकाठ भरली आणि एका हाताने उचलून नेली, शर्टाची बाही शेगडीच्या अगदी जवळून गेली. सगळं होईपर्यंत ती काही बोलली नाही, फक्त पडायच्या बेतात असतील तर धरता येईल एवढ्या अंतरावर राहिली. मग तिने कप ओट्यावर आणले, बरणीखाली न सरकणारी रबरी चटई ठेवली, किटली अर्धीच भरायला लावली आणि उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवत न्यायला शिकवली. आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कॉफी करायला लावली. त्यानंतर न्हाणीघर. टबच्या कडेवरून पाय ओलांडायचाच नाही, आधी बाहेरच्या बाजूने बाकावर बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. हॉस्पिटलच्या सरावाच्या खोलीत हे शिकवता येतं, पण त्या खोलीत या गृहस्थांची फळी नसते आणि त्यांचा टबही नसतो. ज्या थेरपीचा सगळा विषयच माणसाचं रोजचं जगणं आहे, ती घराबाहेर सहज मिळावी आणि घरात मात्र दुसऱ्याचं बोट धरूनच यावी, ही व्यवस्था मला उलटी वाटते. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे ज्या मोजक्या लोकांनी या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली, त्यांतला जॉर्ज बार्टन हा व्यवसायाने आर्किटेक्ट होता आणि स्वतः डाव्या अंगाच्या लकव्यातून गेलेला होता. आपल्याच राहत्या जागेत पुन्हा कामाला लागायची रुग्णाची धडपड या विद्येच्या मुळाशी आहे.

आता इतिहासातलं एक पान, जे या वादात फारसं कुणी उघडत नाही. १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला तेव्हापासून ऑक्युपेशनल थेरपी होम हेल्थमध्ये होती, पण दुसऱ्या सेवेच्या जोडीलाच. १९८० च्या एका मोठ्या कायद्याने होम हेल्थवरची बंधनं बरीच सैल केली. आधी हॉस्पिटलात राहून आलेलं असण्याची अट गेली, वर्षाला १०० भेटींची मर्यादा गेली आणि ऑक्युपेशनल थेरपीलाही स्वतंत्र पात्रतेचं कारण मानलं गेलं. ती तरतूद १९८१ च्या जुलैत लागू झाली. पुढच्याच महिन्यात रेगन यांच्या काळातला प्रसिद्ध बजेट कायदा मंजूर झाला आणि त्यात तेवढं एक कलम काढून टाकलं गेलं, वर्ष संपायच्या आत दार पुन्हा बंद. चालू ठेवण्याची मुभा तेवढी शिल्लक राहिली. आज आपण ज्या विसंगतीशी झगडतो आहोत ती तेव्हाची आहे. ही सवलत निरुपयोगी ठरली म्हणून गेली का? ती वापरून पाहायला पुरते महिनेही मिळाले नव्हते. कपातीच्या लाटेत ती गेली आणि चार दशकांहून अधिक काळ तिथेच राहिली. विरोधक जेव्हा 'आहे ती रचना विचारपूर्वक ठरवलेली आहे' असं म्हणतात, तेव्हा हा विचार कोणत्या वर्षी झाला, हे त्यांनी दाखवावं.

तरीही विरोधकांचा खर्चाचा मुद्दा मी हलका मानत नाही. होम हेल्थचा इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो. १९८८ च्या 'डगन विरुद्ध बोवेन' खटल्यानंतर पात्रतेचे निकष सैल झाले आणि १९९० मध्ये ४ अब्ज डॉलरच्या आत असलेला खर्च १९९७ पर्यंत १७ अब्जांच्या पुढे गेला. त्या वाढीत मोठा वाटा अंघोळ घालणं, कपडे बदलणं अशी मदत करणाऱ्या होम हेल्थ एडच्या भेटींचा होता. मग १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्याने असा ब्रेक लावला की तीन वर्षांत खर्च निम्म्यावर आला आणि ही सेवा पुरवणाऱ्या हजारो एजन्सी बंद पडल्या. पुढे २००० नंतरच्या पद्धतीत थेरपीच्या भेटी १० झाल्या की एजन्सीला जास्त पैसे मिळत, तर भेटींची संख्या बरोबर १० च्या आसपास गोळा व्हायला लागली. २००८ मध्ये पायऱ्या बदलून ६, १४ आणि २० केल्या, तर भेटीही त्या आकड्यांकडे सरकल्या. सिनेटच्या फायनान्स समितीने २०११ च्या अहवालात याची झडती घेतली आहे. थेरपीच्या नावाने एजन्सींनी हिशेब कसे जुळवले हे ज्याने वाचलं आहे, तो नव्या पात्रतेला बिचकला तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय आजही या धंद्यात नफा भरपूर आहे. अमेरिकी संसदेला, म्हणजे काँग्रेसला, सल्ला देणारा मेडपॅक आयोग स्वतंत्र एजन्सींचा मेडिकेअरवरचा नफा अलीकडे २० टक्क्यांच्या वर दाखवतो आणि दर कमी करायला सांगतो.

पण हा सगळा पुरावा ज्या पद्धतीविरुद्ध आहे, ती पद्धत आता राहिलेली नाही. २०१८ च्या कायद्याने थेरपीच्या भेटी मोजून पैसे वाढवणं बंद करायला लावलं आणि जानेवारी २०२० पासून नवी पद्धत आली. आता ३० दिवसांच्या काळासाठी ठोक रक्कम मिळते, ती आजार, रुग्णाची क्षमता, तो हॉस्पिटलातून आला की घरूनच, अशा गोष्टींवर ठरते. थेरपीची एक भेट वाढवली म्हणून एजन्सीला एक डॉलरही जास्त मिळत नाही. फक्त भेटी अगदीच कमी झाल्या, म्हणजे गटानुसार २ ते ६ च्या मर्यादेखाली राहिल्या, तर ठोक रकमेऐवजी भेटीगणिक पैसे मिळतात. वर सांगितलेल्या बाईसारख्या पुष्कळ जणांचं काम चार-पाच भेटींत होण्यासारखं असतं. होम हेल्थ एडचंही तसंच. ऑक्युपेशनल थेरपीवर पात्रता मिळाली की एडची मदतही मागे येणार, हे खरं. पण ठोक रकमेत एडच्या भेटी हा एजन्सीचा खर्च ठरतो, म्हणून त्या आज नामशेष व्हायच्या बेतात आहेत. १९९० च्या दशकातली भीती २०२० नंतरच्या व्यवस्थेला लावून कसं चालेल? आजचा धोका उलटा आहे, रुग्णाला गरजेपेक्षा कमी थेरपी मिळण्याचा.

नवे रुग्ण आले तर नवा खर्च होणारच, तो लपवण्यात अर्थ नाही. ३० दिवसांचा मूळ दर आज सुमारे २,००० डॉलर आहे. प्रश्न असा की तो खर्च कशाच्या शेजारी ठेवून पाहायचा. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या दर चार माणसांपैकी एक वर्षभरात एकदा तरी पडतो. २०१५ साली वृद्धांच्या पडण्यावरचा वैद्यकीय खर्च ५० अब्ज डॉलरच्या घरात होता आणि त्यातले सुमारे २९ अब्ज एकट्या मेडिकेअरने भरले. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं की हॉस्पिटल, शस्त्रक्रिया, पुनर्वसन केंद्र, मग नर्स, फिजिओथेरपी, सगळं काही कुरकुर न करता मिळतं. तेव्हा ती बाई पात्र ठरते. पडण्याआधी मात्र नाही.

फसवणुकीचा मुद्दा मला त्यामानाने कच्चा वाटतो. २०१३ मध्ये मायामी आणि शिकागो भागात नव्या होम हेल्थ एजन्सींना बंदी घालावी लागली, इतका तिथे सुळसुळाट झाला होता. पण मायामीतली गाजलेली खोटी बिलं होती मधुमेही रुग्णांना इन्सुलिन टोचायला नर्स गेल्याची. त्यावर मोठ्या बिलांना मर्यादा घातली, तपास झाले, खटले झाले. नर्सिंगलाच पात्रतेच्या यादीतून काढा, असं कुणी म्हणालं का? चोर सापडला की चोराला धरायचं. एका व्यवसायाला हा न्याय आणि दुसऱ्याला कायमचा संशय, हे कशाच्या आधारावर?

राहिला तो आक्षेप जो उघडपणे कमी आणि मनात जास्त असतो: हे काम काय, घरातलं शहाणं माणूसही करेल. कप खाली ठेवायला पदवी कशाला? याची परीक्षा झालेली आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी लॉस एंजेलिसमधल्या साठीपुढच्या ३६१ जणांचे तीन गट केले. एका गटाला ऑक्युपेशनल थेरपी, दुसऱ्याला बिगरव्यावसायिक लोकांनी चालवलेले करमणुकीचे आणि सामाजिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. १९९७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. थेरपीच्या गटात आरोग्य, हालचाल, जगण्यातलं समाधान अशा अनेक बाबतींत फायदा दिसला, आणि करमणुकीचा गट काहीच न मिळालेल्या गटापेक्षा वेगळा ठरला नाही. नुसती माया आणि सोबत पुरत असती तर दुसरा गट मागे का पडला? नेदरलँड्समध्ये स्मृतिभ्रंशाच्या १३५ रुग्णांवरच्या चाचणीत सुमारे निम्म्या रुग्णांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना घरी जाऊन पाच आठवड्यांत दहा सत्रं दिली गेली. २००६ च्या 'बीएमजे'मधल्या त्या अभ्यासात रुग्णांची रोजची कामं सुधारली आणि देखभाल करणाऱ्यांनाही आपण हे निभावू शकतो असं वाटू लागलं. बाल्टिमोरमधला जॉन्स हॉपकिन्सचा 'केपेबल' हा प्रयोग तर घरातच घडतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सहापर्यंत भेटी, नर्सच्या चारपर्यंत आणि कठडे, जिने, दिवे दुरुस्त करणारा एक कारागीर. कमी उत्पन्नाच्या ३०० वृद्धांवरच्या चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, पाच महिन्यांनंतर रोजच्या कामांतली अडचण तुलनेच्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी जास्त घटली. तिथे थेरपिस्ट सुरुवातीपासून पुढे आहे. नर्स आली म्हणून तिच्या मागोमाग आलेली नाही.

समर्थकांनीही जरा जपून बोलावं. एका अभ्यासात हॉस्पिटलच्या खर्चाच्या १९ प्रकारांपैकी ऑक्युपेशनल थेरपीवरचा जादा खर्च हाच एक असा निघाला, ज्याचा हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया आणि हार्ट अटॅक या तिन्हींत रुग्ण पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण कमी असण्याशी संबंध दिसला. हा अभ्यास खूप फिरवला जातो. चांगलाच आहे तो, पण हॉस्पिटलांमधला आहे आणि संबंध दाखवणारा आहे, कारण सिद्ध करणारा नाही. त्याच्या जोरावर घरगुती सेवेतल्या बचतीचे आकडे छातीठोकपणे सांगितले की समोरचा अर्थतज्ज्ञ पहिल्या प्रश्नालाच तुम्हाला अडवतो, आणि मग चांगली बाजूही खोटी वाटायला लागते.

मेडिकेअरच्या पार्ट बी या, डॉक्टरांच्या भेटी आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाखाली थेरपिस्ट घरी येऊ शकतो की, असंही सांगितलं जातं. येऊ शकतो. पण तिथे २० टक्के वाटा रुग्णाला भरावा लागतो, होम हेल्थमध्ये तो नसतो, आणि अशा फिरत्या थेरपिस्टांची वानवा शहराबाहेर लगेच जाणवते. ज्यांच्याकडे पूरक विमा नाही त्यांच्यासाठी ही सोय कागदावरच राहते.

अर्धं पाऊल पडलेलं आहेच. कोविडच्या काळात ऑक्युपेशनल थेरपिस्टना घरची पहिली तपासणी करायची तात्पुरती मुभा मिळाली. २०२० च्या डिसेंबरातल्या कायद्याने ती फक्त थेरपीच्या केसेसपुरती कायम केली आणि २०२२ पासून ती लागू आहे. सगळ्यात आधी घरात शिरून त्या माणसाची संपूर्ण तपासणी करायला, रुग्णाच्या स्थितीची नोंद करणारा तो लांबलचक ओअॅसिस फॉर्म भरायला, ऑक्युपेशनल थेरपिस्ट सक्षम आहे हे सरकारने मान्य केलं. फक्त तिने यायचं कारण फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी असलं पाहिजे. याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आठवतात. २०२० पर्यंत होम हेल्थची ऑर्डर फक्त डॉक्टरच लिहू शकत, नर्स प्रॅक्टिशनरना वर्षानुवर्षं नकार होता. कोविडकाळातल्या केअर्स कायद्याने तो एका फटक्यात कायमचा संपवला. आणि 'सुधारणा होत नसेल तर थेरपी बंद' ही समजूत इतकी रूढ होती की नियम म्हणूनच चाले. २०१३ मध्ये 'जिमो' खटल्यातल्या समझोत्याने स्पष्ट केलं की असलेली क्षमता टिकवण्यासाठी कुशल थेरपी लागत असेल तर तीही मेडिकेअरमध्ये बसते. हे दोन्ही अडसर कित्येक वर्षं व्यवस्थेचा भाग मानले गेले होते.

'मेडिकेअर होम हेल्थ अॅक्सेसिबिलिटी अॅक्ट' या विधेयकाची मागणी एवढीच आहे की पात्रतेच्या यादीत ऑक्युपेशनल थेरपीचं नाव घालावं. होमबाउंडची अट, ऑर्डर, प्रत्यक्ष तपासणी, सगळं तसंच राहील. ते सरळ मंजूर व्हावं. खर्चाच्या शंकेमुळे अडत असेल तर त्यावरही उपाय आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने मेडिकेअरला इनोव्हेशन सेंटर दिलं, आणि प्रयोगापुरते मेडिकेअरचे नियम बाजूला ठेवण्याचा अधिकारही त्याला आहे. त्याने काही राज्यांत तीन वर्षांसाठी ही अट उठवावी. सुरुवात दृष्टी गेलेले, स्मृतिभ्रंशाचे आणि स्ट्रोकने हात अशक्त झालेले रुग्ण यांच्यापासून करावी. किती जण पडले, किती इमर्जन्सीत गेले, किती जणांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं, हे शेजारच्या राज्यांशी ताडून पाहावं. आणि त्याबरोबर आणखी एक आकडा जरूर मोजावा: केवळ केस उघडण्यासाठी होणाऱ्या फिजिओथेरपीच्या एकुलत्या एका भेटी त्या राज्यांत किती कमी झाल्या.